सावकाराच्या घरातलं भांडण

पूर्वी दर चार वर्षांनी आणि आता जवळपास दर चार दिवसांनी एक वाद नव्याने पेटतो. वॉशिंग्टनमध्ये काहीतरी घडतं, जगभरची माणसं त्यावर तावातावाने बोलू लागतात आणि मग कुणीतरी खेकसतं, "तुमचा काय संबंध? तुमचं मत चालतं का तिथे?" त्यावर ठरलेलं उत्तर येतं, "अमेरिकेला शिंक आली की जगाला सर्दी होते." झालं, दोघेही आपापलं वाक्य फेकून मोकळे. शिंकेचं ते वाक्य एकोणिसाव्या शतकात पॅरिसबद्दल बोललं जायचं, ही गंमत मात्र कुणाच्या गावीही नसते. शिंकणारा बदलला, सर्दी होणारे तेच राहिले.

मला हा वाद दोन्हीकडून चुकीचा मांडला जातोय असं वाटतं. अमेरिकेकडे किती बघावं यावर दोघे हमरीतुमरीवर येतात. काय बघावं हे कुणी विचारत नाही. ज्याने सावकाराचं कर्ज घेतलंय त्याला सावकाराच्या घरात काय चाललंय याची माहिती हवीच. पण त्याच्या कामाची आहे ती वही. व्याजाचा दर कोण ठरवतं, गहाणखत कुणाच्या ताब्यात आहे, थोरला गेला तर व्यवहार कुणाच्या हाती जाणार, हे त्याला कळलं पाहिजे. आपण करतो काय, तर वाड्याच्या खिडकीशी उभं राहून आतलं सासू-सुनेचं भांडण बघतो, त्यात एक बाजू घेतो आणि घरी येऊन त्याच शब्दांत एकमेकांशी भांडतो. वही तशीच राहते. अमेरिकेचं राजकारण जग फार बघतं ही माझी तक्रार नाहीच. जग ते चुकीच्या टोकाकडून बघतं, आणि अमेरिकी माणसाच्या डोळ्यांनी बघतं, ही आहे.

आधी प्रतिपक्षाचं जे खरं आहे ते मान्य करू. सर्दी होतेच. १५ ऑगस्ट १९७१ ला, रविवारी संध्याकाळी, रिचर्ड निक्सन दूरचित्रवाणीवर आले आणि डॉलरचं सोन्याशी असलेलं नातं त्यांनी तोडलं. जवळच्या मित्रदेशांनाही आधी विचारलं नव्हतं. ऐंशीच्या सुमारास पॉल व्होल्कर यांच्या फेडरल रिझर्व्हने, म्हणजे अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने, घरची महागाई मोडून काढण्यासाठी व्याजदर वीस टक्क्यांच्या आसपास नेले. ती महागाई मोडली. पण डॉलरमध्ये कर्ज घेऊन बसलेल्या मेक्सिकोने ऑगस्ट १९८२ मध्ये हात वर केले, पाठोपाठ लॅटिन अमेरिकेतले एकेक देश कोसळले आणि तिथल्या लोकांनी त्या दशकाला 'हरवलेलं दशक' असं नाव दिलं. व्होल्कर यांना कुणा मेक्सिकन माणसाने निवडलं नव्हतं. (तसं तर कुणा अमेरिकन मतदारानेही नव्हतं, पण त्याच्याकडे निदान आपल्या सिनेटरला जाब विचारण्याची सोय होती.) तेव्हा 'तुमचं मत चालतं का तिथे' हा टोमणा उलटा लागू पडतो. ज्याच्या हातात मत नाही, त्याच्याकडे नजर ठेवण्यापलीकडे असतं तरी काय?

हे मान्य केल्यावर प्रश्न उरतो तो असा, की ती नजर आपण ठेवली कुठे? २ एप्रिल २०२५ चा दिवस आठवून पाहा. व्हाइट हाउसच्या बागेत डोनाल्ड ट्रम्प एक मोठा तक्ता हातात धरून उभे होते. कुठल्या देशावर किती आयातशुल्क त्याची ती यादी. जाहीर झालेल्या यादीत हर्ड आणि मॅकडोनल्ड ही ऑस्ट्रेलियाची बेटं होती, जिथे माणूस राहत नाही, पेंग्विन राहतात. मग काय विचारता! पेंग्विन निषेध करतायत, पेंग्विन वाटाघाटीला आलेत, पेंग्विन टाय लावून बसलेत. दोन दिवस जग पोट धरून हसलं. मीही हसलो.

त्याच यादीत स्वतंत्र देशांपैकी सर्वांत मोठा आकडा लेसोथोच्या नावापुढे होता: ५० टक्के. दक्षिण आफ्रिकेने चारी बाजूंनी वेढलेला, जेमतेम तेवीस लाख वस्तीचा डोंगराळ देश. अमेरिकेने २००० साली आफ्रिकी देशांसाठी शुल्कमाफीचा कायदा केला, त्याच्या आधाराने तिथे कापडउद्योग उभा राहिला. अमेरिकी दुकानांत जाणाऱ्या जीन्स तिथे शिवल्या जातात आणि शिवणाऱ्या बहुतेक बायका आहेत. आता हा ५० चा आकडा आला कुठून? अमेरिकेने त्या देशाशी असलेली आपली व्यापारतूट घेतली, तिला त्या देशाकडून होणाऱ्या आयातीने भागलं आणि आलेल्या उत्तराचं अर्धं केलं. लेसोथो अमेरिकेला वर्षाला वीस कोटींहून जास्त डॉलरचा माल, मुख्यतः कपडे, विकतो आणि अमेरिकी वस्तू घेण्याची ऐपत त्याच्याकडे जवळपास नाही. भागाकार आला ९९ टक्के, त्याचं अर्धं ५०. म्हणजे गरीब असण्याचाच दंड, शाळकरी गणिताने काढलेला. महिनाभर आधी अमेरिकी काँग्रेसपुढच्या भाषणात ट्रम्प यांनी याच देशाचा उल्लेख 'ज्याचं नाव कुणी ऐकलेलं नाही' असा केला होता. आपण त्या वाक्यावर रागावलो. पण खरं सांगा, ते वाक्य आपल्यापैकी किती जणांच्या बाबतीत खोटं होतं? पुढे ते शुल्क स्थगित झालं, मग १५ टक्क्यांवर आलं. पण तोवर मागण्या थांबल्या होत्या, आणि जुलैमध्ये लेसोथोच्या सरकारने बेरोजगारीवरून राष्ट्रीय आपत्ती जाहीर केली. ती बातमी पेंग्विनच्या वेगाने फिरली नाही.

प्रतिपक्षाचा दुसरा मुद्दा जास्त वजनाचा आहे आणि तो टाळून चालणार नाही. अमेरिकेच्या बातम्या जास्त का येतात? कारण तिथे बरंच काही उघड्यावर चालतं. संसदीय समित्यांच्या सुनावण्या थेट दिसतात, न्यायालयांची कागदपत्रं वाचायला मिळतात, माहितीचा कायदा १९६६ पासून आहे, आणि अध्यक्षाला तोंडावर खोटारडा म्हणणारा पत्रकार दुसऱ्या दिवशी आपल्या घरीच असतो. चीनही आज जगावर तेवढाच भार टाकतोय, पण तिथल्या कम्युनिस्ट पक्षाच्या पॉलिटब्युरोच्या, म्हणजे सर्वोच्च मंडळाच्या, बंद दाराआड काय शिजतं ते कुणाला कळतं? दिवा जिथे तिथे लोक बघणार. त्यात तिथलं राजकारण मालिकेसारखं रचलेलं: ठरलेली तारीख, दोनच पक्ष, दोन माणसं, अध्यक्ष निवडणाऱ्या प्रतिनिधींच्या ५३८ मतांपैकी २७० चा पल्ला. लोकांना गोष्ट आवडते, त्याला कोण काय करणार?

हे पटण्यासारखं आहे, पण फक्त पहिल्या वाचनात. उघडेपणा आणि नाट्य यांमुळेच बातमी मोठी होत असती, तर २०२४ च्या वसंतात जगाने सेनेगल सोडून दुसरं काही पाहिलं नसतं. अध्यक्ष मॅकी साल यांनी तोंडावर आलेली निवडणूक पुढे ढकलली. संसदेतून विरोधी खासदारांना पोलिसांनी बाहेर काढलं. लोक रस्त्यावर उतरले. मग घटना परिषदेने अध्यक्षांचा निर्णयच रद्द केला, आणि अध्यक्षांनी तो मानला! मार्चच्या मध्याला बासिरू दियोमाय फाय नावाचा एक करअधिकारी तुरुंगातून सुटला, दहा दिवसांनी निवडणूक झाली, त्याने ती पहिल्याच फेरीत जिंकली आणि २ एप्रिलला शपथ घेतली. याहून चांगली गोष्ट कुणी रचून दाखवावी. सगळं उघड्यावर घडलं, सगळं चित्रित झालं. त्या वर्षी 'लोकशाही वाचेल का' यावर जगभर जे रकाने लिहिले गेले, ते मात्र पेनसिल्व्हेनिया या अमेरिकी राज्यात कोण जिंकणार याबद्दल होते. लोकशाही वाचवून दाखवलेल्या देशाचा त्यात पत्ता नव्हता.

मग खरं कारण कोणतं? स्वस्ताई. सुदानच्या राजधानीत, खार्टूमला, बातमीदार पाठवायचा तर विमा, वाहन, दुभाषा, जिवाची जोखीम. वॉशिंग्टनची बातमी करायला जागचं उठावंही लागत नाही. ट्रम्प यांनी पहाटे काहीतरी लिहिलं की न्याहारीपर्यंत त्याच्या चार बातम्या, दोन विश्लेषणं आणि एक चर्चा तयार होते. भाषा इंग्रजी, ती वाहून नेणारे मंचही अमेरिकी, आणि वाद जितका तापेल तितकी त्यांची कमाई. तिथे दिवा आहे हे कबूल. पण तो तिथेच का लावला गेला, हेही विचारायला नको का?

या प्रश्नाचा इतिहास मोठा मासलेवाईक आहे. १८७० च्या सुमारास युरोपातल्या तीन वृत्तसंस्थांनी, लंडनच्या रॉयटर्सने, पॅरिसच्या हावासने आणि बर्लिनच्या वूल्फने, जग आपसात वाटून घेतलं. कुठल्या प्रदेशाच्या बातम्या कोण देणार आणि तिथे बाहेरच्या बातम्या कोण विकणार, याचा रीतसर करार होता. त्यात अमेरिकेची असोसिएटेड प्रेस ही धाकटी पाती; तिने आपल्या अंगणाबाहेर पडायचं नाही. पुढे तिचे प्रमुख झालेले केंट कूपर या व्यवस्थेवर कित्येक वर्षं जळत राहिले. त्यांची तक्रार काय होती? रॉयटर्स अमेरिकेबद्दल जगाला सांगतं ते एवढंच, की पश्चिमेत आदिवासी चालून आले, दक्षिणेत जमावाने कुणाला फासावर लटकवलं आणि उत्तरेत विचित्र गुन्हे घडतायत. आमच्याबद्दल चांगलं काही कुणाला कळतच नाही! १९३४ मध्ये कूपर यांनी ती मक्तेदारी मोडून काढली. त्यानंतर चाळीस वर्षांनी आशिया-आफ्रिकेतल्या देशांनी युनेस्कोत शब्दशः तीच तक्रार केली: आमच्याकडचे फक्त उठाव आणि दुष्काळ जगाला दिसतात, सांगणारे तुम्ही. युनेस्कोनेच नेमलेल्या शॉन मॅकब्राइड यांच्या आयोगाने १९८० मध्ये तिला दुजोरा देणारा अहवाल दिला. यावर अमेरिकेने काय करावं? १९८४ च्या अखेरीस ती युनेस्कोतून बाहेर पडली. इतर कारणंही होती, पण हे एक मोठं होतं.

इथे एक कबुली द्यायला हवी. त्या मागणीच्या आडून कित्येक हुकूमशहांना आपल्याच पत्रकारांच्या मुसक्या बांधायच्या होत्या. 'समतोल बातम्या' म्हणजे सरकारी बातम्या, असा त्यांचा हिशोब होता. अमेरिकेचा आक्षेप सगळाच ढोंगी नव्हता. पण औषध भेसळीचं निघालं म्हणून रोग नव्हताच असं ठरत नाही.

रोग किती खोल आहे ते १९९८ च्या ऑगस्ट महिन्यात दिसतं. ७ तारखेला नैरोबी आणि दार-एस-सलाममधल्या अमेरिकी वकिलातींवर स्फोट झाले. मेले २२४, त्यातले अमेरिकी १२. १७ तारखेला अध्यक्ष बिल क्लिंटन यांनी व्हाइट हाउसमधल्या मोनिका लेविन्स्की या तरुणीशी असलेल्या संबंधांच्या प्रकरणात ग्रँड ज्युरीपुढे, म्हणजे खटला भरायचा का ते ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळापुढे, साक्ष दिली. २० तारखेला, लेविन्स्कींची दुसरी साक्ष झाली त्याच दिवशी, अमेरिकी क्षेपणास्त्रांनी अफगाणिस्तानातल्या तळांबरोबर खार्टूममधला अल-शिफा हा औषधांचा कारखाना उडवला. तिथे रासायनिक अस्त्रांसाठी लागणारं द्रव्य बनतं असा दावा होता. त्याचा पुरावा पुढे इतका पातळ निघाला की अमेरिकी अधिकाऱ्यांमध्येच त्यावर मतभेद झाले. तर त्यावर जगभर चर्चा कशाची झाली? क्लिंटन यांनी लफड्यावरून लक्ष उडवण्यासाठी हल्ला केला का, याची. त्यांचे पाठीराखे 'नाही' म्हणत होते, विरोधक 'हो' म्हणत होते, आणि दोघांच्याही बोलण्यात तो कारखाना म्हणजे नाटकातला पडदा होता. सुदानसारख्या देशात मलेरियाच्या गोळ्या बनवणारा कारखाना गेला तर पुढच्या पावसाळ्यात तिथे काय होईल, हा प्रश्न त्या वादाच्या कुठल्याच बाजूला बसत नव्हता. नैरोबीच्या रस्त्यावर मेलेल्या केनियन माणसांचंही तेच. ते ओसामा बिन लादेनच्या गोष्टीत पार्श्वभूमीला उरले. त्याच महिन्याच्या २ तारखेला काँगोत दुसरं युद्ध सुरू झालं होतं, ज्यात पुढे रोगराई आणि उपासमार धरून लाखोंनी माणसं गेली. त्या उन्हाळ्यात लेविन्स्की प्रकरणात पुरावा ठरलेल्या एका निळ्या झग्याची माहिती जगाला जास्त होती.

आता जे मला सर्वांत जास्त खुपतं त्याकडे येतो. वेळ वाया जातो ते एकवेळ सोडून देऊ. नुकसान होतं ते शब्दांचं. 'डीप स्टेट' हा शब्द घ्या. तो तुर्कस्तानचा. १९९६ मध्ये सुसुर्लुक गावाजवळ एक मर्सिडीज ट्रकवर आदळली. आत एक वरिष्ठ पोलीस अधिकारी, पोलीस ज्याच्या शोधात असायला हवे होते असा एक फरारी मारेकरी आणि सत्ताधारी आघाडीचा एक खासदार, तिघे एकाच गाडीत! तुर्की लोक ज्याला 'खोल राज्य' म्हणत होते, ते त्या दिवशी मोडक्या पत्र्यातून बाहेर पडलं. इतका नेमका, पुराव्यानिशी सिद्ध झालेला शब्द. अमेरिकेत तो गेला, तिथे 'माझं न ऐकणारा कारकून' असा त्याचा अर्थ झाला आणि त्या पातळ अर्थाने तो जगभर परत वाटला गेला. आज कुठल्याही देशातला कुठलाही पुढारी अंगावर चौकशी आली की 'डीप स्टेट' म्हणून ओरडतो. सुसुर्लुक कुणाला आठवत नाही.

हे कॅनडात तर विनोदापर्यंत पोचलं. फेब्रुवारी २०२२ मध्ये राजधानी ओटावाला ट्रकचालकांचं आंदोलन मोडल्यावर एका आंदोलक बाईच्या जामिनाची सुनावणी चालू होती. तिचा नवरा साक्षीला उभा राहिला आणि 'फर्स्ट अमेंडमेंट'ने दिलेल्या हक्काबद्दल बोलू लागला. न्यायाधीशांनी विचारलं, म्हणजे काय? बरोबरच विचारलं, तो हक्क शेजारच्या देशाच्या घटनेतला. कॅनडाला १९८२ पासून स्वतःची हक्कांची सनद आहे, तिच्या दुसऱ्याच कलमात अभिव्यक्तीचं आणि शांततेने जमण्याचं स्वातंत्र्य आहे. हक्क त्याच्या खिशात होता. त्याला फक्त त्याचं नाव माहीत नव्हतं, कारण त्याने आयुष्यभर दुसऱ्यांचं टीव्हीवरचं न्यायालय पाहिलं होतं.

आणि ब्राझीलची राजधानी ब्राझिलिया. ६ जानेवारी २०२१ ला वॉशिंग्टनमध्ये हरलेल्या ट्रम्प यांच्या समर्थकांचा जमाव संसदेत घुसला, त्यामागे निदान एक हिशोब होता: त्या क्षणी आत मतांची मोजणी चालू होती, ती थांबवायची. ८ जानेवारी २०२३ ला ब्राझिलियात हरलेले अध्यक्ष झाइर बोल्सोनारो यांच्या समर्थकांचा जमाव संसदेत घुसला तेव्हा रविवार होता, संसदेला सुट्टी होती आणि निवडून आलेल्या लुला यांचा शपथविधी होऊन आठवडा उलटला होता. थांबवायला आत काही उरलंच नव्हतं. लष्कराने मधे पडावं ही आशा होती, ती जुनी आणि अस्सल ब्राझिली. पण तिचं रूप, ती काचांची फोडाफोड, ते खुर्च्यांवर बसून काढलेले फोटो, सगळं उसनं. ब्राझीलने पुढे जे केलं ते मात्र उसनं नव्हतं. पराभूत अध्यक्षाला निवडणूक न्यायालयाने सहा महिन्यांच्या आत २०३० पर्यंत अपात्र ठरवलं, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कटाच्या आरोपाखाली त्याला सत्तावीस वर्षांची शिक्षा दिली. त्या न्यायालयाची पद्धत योग्य की अतिरेकी यावर भांडायला भरपूर जागा आहे. पण तसं भांडायला आधी ब्राझीलची घटना उघडावी लागते. जगाने तो खटला 'तिकडच्या ट्रम्पचा' म्हणून वाचला आणि पान उलटलं.

यावर एक प्रामाणिक आक्षेप येईल, आणि मला तो सर्वांत जवळचा वाटतो. दुसऱ्याच्या घरातल्या लढाईकडे बघून माणसं स्वतःची लढाई ओळखायला शिकतात, ते बंद करायचं का? मुळीच नाही. १८७३ मध्ये जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' प्रसिद्ध केलं, ते अर्पण कुणाला केलं? गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना. आणि आपल्या देशबांधवांनीही शूद्र भावांना मुक्त करताना तो कित्ता गिरवावा, अशी आशा लगोलग व्यक्त केली. हे अमेरिकेकडे बघणं नाही तर काय? पण ते कसं आहे पाहा. १८७३ मध्ये वॉशिंग्टनमध्ये क्रेडिट मोबिलिअर नावाच्या रेल्वे घोटाळ्याने रान पेटलं होतं. उपाध्यक्षापासून खासदारांपर्यंत अनेकांची नावं चव्हाट्यावर आली होती. जोतीरावांनी त्यात कुणाची बाजू घेतली नाही. त्यांच्याकडे स्वतःचा प्रश्न आधीच तयार होता, तो घेऊन ते तिकडे बघायला गेले आणि लागेल तेवढंच उचललं. दीडेक दशकानंतर पंडिता रमाबाई जवळपास तीन वर्षं त्या देशात राहिल्या, त्यावर मराठीत पुस्तक लिहिलं. बायकांच्या संघटनांचं त्यांनी भरभरून कौतुक केलं आणि आदिवासींना, काळ्यांना कसं वागवलं जातं हेही तितक्याच स्पष्टपणे लिहिलं. तिथल्या कुठल्याच पक्षाला हे पुस्तक पूर्ण आवडलं नसतं. आज आपल्यातल्या कुणी अमेरिकेवर लिहिलेलं असं काय आहे, जे तिथल्या एका तरी गटाच्या तोंडून आधीच आलेलं नाही?

तटस्थपणे लांबून बघा असं मी म्हणत नाही. ऋणकोला तटस्थ राहणं परवडत नाही. पण आपल्याला लागणारं काय ते शोधायचं, तर ते बहुतेक वेळा त्या मालिकेत नसतंच, कारण तिथले दोन्ही पक्ष त्यावर भांडत नाहीत. जागतिक व्यापार संघटनेचं अपील मंडळ हे त्याचं उदाहरण. सात सदस्य, आणि अपील ऐकायला किमान तिघे लागतात. बलाढ्य देशाविरुद्ध लहान देशाने खटला जिंकावा आणि तो निकाल टिकावा, ही शक्यता त्या मंडळामुळे होती. २०१६ मध्ये बराक ओबामांच्या सरकारने एका सदस्याची फेरनियुक्ती अडवली. ट्रम्प यांच्या सरकारने सगळ्याच नेमणुका अडवल्या आणि डिसेंबर २०१९ मध्ये मंडळाकडे तीन माणसं उरली नाहीत. जो बायडेन आले, अडवणूक चालूच राहिली. आता हरलेला देश अपील करतो, ते ऐकायला कुणी नसतं, आणि निकाल लटकून राहतो. निळे आणि लाल, म्हणजे डेमोक्रॅट आणि रिपब्लिकन, यांच्यात एवढं एकमत दुसऱ्या कशावर झालेलं मला तरी आठवत नाही.

नोव्हेंबर २०२० मध्ये, अमेरिकेच्या अध्यक्षपदाची मतमोजणी चालू असताना, मी रात्र-रात्र जागत होतो. अ‍ॅरिझोनातल्या मॅरिकोपा काउंटीत किती मतपत्रिका मोजायच्या राहिल्यात ते मला पाठ होतं. त्या काउंटीचा उच्चार बरोबर कसा करायचा यावरही मी एकाशी हुज्जत घातली होती. ३० नोव्हेंबरला अ‍ॅरिझोनाने निकालावर अधिकृत शिक्कामोर्तब केलं, तेव्हा मीही सुटकेचा श्वास सोडला. अपील मंडळावर उरलेल्या शेवटच्या सदस्याची मुदत त्याच दिवशी संपली. हे मला कळलं ते दोन वर्षांनी, दुसरंच काही शोधताना.